लाखेचा थर : अजिंठ्याची चित्रं वाचवणाऱ्यांचा इतिहास

या मालेत आतापर्यंत आपण लेणी कुणी कोरली, दानं कुणी दिली, भिंतींवर कोणत्या जातककथा आहेत याबद्दल बोलत आलो. आज चित्रं काढणाऱ्यांबद्दल बोलायचं नाही. चित्रं काढून झाल्यावर शेकडो वर्षांनी तिथे पोहोचलेल्या माणसांबद्दल बोलायचं आहे. चित्रं वाचवायला म्हणून जे आले, त्यांच्याबद्दल.

आपल्यापैकी बरेच जण अजिंठ्याला जाऊन आले असतील. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून झाल्यावर आपण दहाव्या लेण्यात शिरतो. हे चैत्यगृह अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक आहे. इथली भिंतीवरची चित्रं इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंत मागे जातात. भारतात आज पाहायला मिळणाऱ्या गिलाव्यावरच्या भित्तिचित्रांत याहून जुनी फारच थोडी. पण भिंतीकडे पाहिलं की निराशा होते. तपकिरी, काळपट, मध्येच तेलकट चकाकणारी भिंत. आपण मनाशी म्हणतो, 'दोन हजार वर्षं झाली, काळानं खाल्लं.'

हे अर्धंच खरं आहे. त्या काळपटपणातला बराचसा भाग जेमतेम शंभर वर्षांपूर्वीचा आहे. तो माणसांनी लावलेला आहे, चांगल्या हेतूनं लावलेला आहे आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसे मोजलेले आहेत. हे कसं झालं, ते आज पाहू.

त्याआधी भिंत समजून घेतली पाहिजे. अजिंठ्याचा कडा बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणाचा. लेणं कोरताना भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली, म्हणजे वरचा गिलावा धरून राहील. त्यावर मातीचा लेप दिला. मातीत भाताचं तूस, गवत, झाडपाल्याचे तंतू मिसळलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळला की रेखाटन आणि मग रंग. लाल आणि पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी, पांढरी माती. निळा मात्र दूरवरच्या बदख्शानच्या खाणीतून आलेला लाजवर्द. हे रंग सरसात, डिंकात कालवून कोरड्या भिंतीवर लावले.

'कोरड्या भिंतीवर' हे शब्द लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे. युरोपात ज्याला फ्रेस्को म्हणतात, त्यात रंग ओल्या चुन्यावर लावतात. चुना वाळताना रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. अजिंठ्यात तसं नाही. इथे रंग गिलाव्यावर नुसता बसलेला आहे, आणि गिलावा मातीचा आहे. पाणी लागलं की माती फुगते, सुकली की आकसते. सरस जुना झाला की रंगाची पापुद्री सुटते. आतल्या तुसावर आणि गवतावर किडे जगतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनज्ञ असलेले राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी २०१६ मध्ये एक लक्षवेधी निरीक्षण मांडलं. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले आणि तिथे किड्यांचा उपद्रव कमी झाला. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथे किड्यांनी बरंच खाल्लं. एवढी नाजूक भिंत इतकी वर्षं टिकली, कारण लेणी ओस पडली होती. माणूस फारसा फिरकत नव्हता.

२८ एप्रिल १८१९ ला तो फिरकला. मद्रास सैन्यातल्या २८व्या घोडदळाचा जॉन स्मिथ शिकारीला आलेला असताना वाघूर नदीच्या घळीत पोहोचला. दहाव्या लेण्यातल्या एका रंगवलेल्या खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरं आज डोक्याच्या वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. पुनर्शोधाची पहिली खूण म्हणजे चित्रावर ओढलेला ओरखडा, हे विसरण्याजोगं नाही.

स्मिथनं निदान नुसतं नाव कोरलं. पुढच्या दशकात डॉ. जेम्स बर्ड नावाच्या गृहस्थांनी सतराव्या लेण्याच्या ओसरीतल्या भवचक्रातल्या काही आकृती सोलून काढल्या. सोबतच्यांनी हरकत घेतली होती, तरी काढल्या. गंमत अशी, की हे बर्ड स्वतः अभ्यासक होते. त्यांना चित्रं आवडत होती, म्हणूनच ती न्यायची होती.

मग एक शहाणा विचार पुढे आला. भिंत नेता येत नाही आणि टिकवताही येत नाही, तर निदान तिची नक्कल करून ठेवू. जेम्स फर्ग्युसननं १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसमोर लेण्यांवर निबंध वाचला. त्यानंतर मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलची नेमणूक झाली. गिल अजिंठ्यात आला आणि जवळपास वीस वर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत राहिला. त्याची आणि पारोची कहाणी आपल्याला ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेमुळे ठाऊक आहे, म्हणून इथे फक्त तिचा उल्लेख करतो. गिलची चित्रं लंडनजवळच्या सिडनहॅमला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. वीस वर्षांच्या कामातली जेमतेम चार-पाच चित्रं उरली.

पुन्हा सुरुवात झाली ती मुंबईतून. सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. तेरा वर्षांत सुमारे तीनशे नकला झाल्या. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागली. बऱ्याच चित्रांची राख झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अराई कांपो आदी जपानी चित्रकारांनी पुन्हा नकला केल्या. त्यातलं बरंचसं काम १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत तोक्योत गेलं. सुरक्षित जागी म्हणून नेलेल्या नकला तीन वेळा जळाल्या आणि असुरक्षित मूळ चित्रं घळीत उभीच राहिली, असा हा हिशेब आहे.

इथे आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. लेण्यात अंधार असतो. धूळ बसलेलं चित्र नक्कल करणाऱ्याला दिसत नाही. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या चमूनं मूळ भिंतीवर स्वस्तातलं वार्निश लावलं, असा ठपका नंतरच्या अभ्यासकांनी ठेवला आहे. वार्निश लावलं की चित्र क्षणभर ओल्यासारखं तजेलदार दिसतं. आपण धुळकट फरशीवर पाणी मारतो तेव्हा नक्षी उमटते, तसंच. फरक एवढाच, की पाणी उडून जातं आणि वार्निश तिथेच राहतं, पिवळं पडतं, धूळ धरतं. म्हणजे नक्कल वाचवण्याच्या नादात मूळ चित्रावर पहिला थर चढला.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१४ मध्ये संस्थानानं पुरातत्त्व खातं सुरू केलं आणि गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. आपल्याकडे निजामी राजवटीबद्दल बोलताना सूर निराळा लागतो, ते स्वाभाविक आहे. पण अजिंठ्याच्या बाबतीत या खात्यानं जेवढं मनावर घेतलं, तेवढं त्याआधी कुणीही घेतलं नव्हतं. ढिगारे उपसले, पडके खांब सावरले, वाटा केल्या. तरी चित्रांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच. गिलावा भिंतीपासून सुटत होता, रंगाचे पापुद्रे गळत होते.

आपण स्वतःला याझदानींच्या जागी ठेवून पाहू. काहीच केलं नाही तर चित्र डोळ्यांदेखत मातीत जाणार. करायचं तर कसं, हे जाणणारा माणूस हिंदुस्थानात नाही. तेव्हा जगात भित्तिचित्रांच्या दुरुस्तीची सर्वांत जुनी परंपरा कुठे होती? इटलीत. म्हणून १९२० मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी यांना बोलावलं गेलं. दोन हिवाळे त्यांनी लेण्यांत काम केलं. सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, तुटक्या कडा बुजवून घेतल्या, धूळ काढली. आणि पापुद्रे धरून राहावेत म्हणून चित्रांवर लाखेचा पातळ लेप दिला.

ही लाख म्हणजे आपली ओळखीची चपडा लाख. पळसा-कुसुंबावरच्या किड्यापासून मिळणारी, स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार लाकडाला पॉलिश करायला वापरतात तीच. चटकन वाळते, कडक होते, छान चमकते. पहिली काही वर्षं सगळं उत्तम दिसलं असणार. पण लाखेचे तीन गुण वयाबरोबर बाहेर येतात. एक, ती काळवंडते. दोन, ती कडक होऊन आकसते आणि आकसताना खालचा सैल रंग स्वतःबरोबर ओढते. तीन, आणि हे सर्वांत वाईट, जुनी लाख ज्या स्पिरिटमध्ये पूर्वी सहज विरघळत होती, त्यात पुढे विरघळेनाशी होते. शिवाय तिच्यावर धूळ बसते, वटवाघळांची घाण बसते, आणि त्या सगळ्याचं एक कवच तयार होतं. दहाव्या लेण्यात आपल्याला दिसते ती ही तपकिरी भिंत.

मग चेक्कोनींना दोषी धरायचं का? आम्हांला तसं वाटत नाही, आणि का, ते सांगतो. लेप दिला नसता तर आज काळपट का होईना, पण खाली जो रंग आहे तो कितपत उरला असता, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लाखेनं चित्र झाकलं आणि लाखेनंच ते धरून ठेवलं, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. चूक हेतूत नव्हती. वीस-तीस वर्षांनी हा लेप काढावा लागला तर कसा काढायचा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही. तसा तो त्या काळी जगात फारसा कुणीच विचारत नव्हतं.

यासाठी थोडा वेळ इटलीतच जाऊ, कारण तज्ज्ञ जिथून आले तिथेही हीच गोष्ट घडली. मिलानमधलं लिओनार्दोचं 'लास्ट सपर' हे चित्रही फ्रेस्को नव्हे. तेही कोरड्या भिंतीवरचं, म्हणून तेही लवकर सुटू लागलं. अठराव्या शतकापासून दर काही वर्षांनी कुणीतरी ते 'दुरुस्त' करत गेलं आणि दुरुस्त करताना वर स्वतःचे रंग चढवत गेलं. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात ती वास्तू कोसळली, वाळूच्या पोत्यांमुळे चित्राची भिंत तेवढी वाचली. युद्धानंतर माउरो पेल्लिचिओली यांनी सुटे रंग बसवण्यासाठी काय वापरलं असेल? लाख. मेण काढून घेतलेली, पण लाखच. चेक्कोनींनंतर पंचवीसेक वर्षांनी, खुद्द इटलीत, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध भित्तिचित्रावर. मग १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षं पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन आणि त्यांचे सहकारी हे आधीच्या लोकांनी चढवलेले थर इंच इंच उतरवत होते.

दरम्यान विचार बदलत होता. १९३९ मध्ये रोमला पुनर्स्थापनेची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी तीन साध्या गोष्टी ठासून सांगितल्या. नवीन भरलेला भाग जवळून पाहणाऱ्याला ओळखता आला पाहिजे. जे गेलं आहे ते कल्पनेनं रंगवायचं नाही. आणि आज केलेल्या कामामुळे उद्या काम करणाऱ्याची वाट बंद होता कामा नये. ४ नोव्हेंबर १९६६ ला फ्लोरेन्समध्ये आर्नो नदीचा पूर आला. सांता क्रोचेच्या चर्चमधल्या चिमाबुएच्या क्रूसावरचा निम्म्याहून अधिक रंग चिखलात गेला. तेव्हा या विचारांची परीक्षा झाली. दहा वर्षांनी क्रूस परत आला, तेव्हा गेलेला भाग गेलेलाच होता. तिथे बारीक रंगीत रेघांचं शांत जाळं भरलं होतं. लांबून डोळा अडखळत नाही आणि जवळून फसत नाही.

आता पुन्हा अजिंठ्याला. १९५० च्या दशकात लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. खात्याच्या रसायन शाखेनं लाख उतरवायचे प्रयत्न सुरू केले, रंग धरण्यासाठी पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटसारखी नवी कृत्रिम द्रव्यं वापरली. त्या कामावरही पुढे टीका झाली. काही ठिकाणी सफाई करताना रंग फिके झाले, असं अभ्यासकांनी म्हटलं आहे. म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती, आणि तिच्यावर पुन्हा आक्षेप. प्रत्येक पिढीला आपलं द्रव्य शेवटचं आणि निर्धोक वाटतं.

१९९९ पासून राजदेव सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवव्या आणि दहाव्या लेण्यांतल्या जुन्या चित्रांवर काम हाती घेतलं. घाई न करणं हा या कामाचा गाभा होता. आधी पाहायचं, अवरक्त प्रकाशात खाली काय दिसतं ते तपासायचं. मग अगदी छोटा तुकडा निवडून त्यावर द्रावणाची चाचणी घ्यायची. पाणी चालत नाही, कारण खाली माती आहे. तीव्र रसायन चालत नाही, कारण रंगाला धरणारा सरसही सेंद्रियच आहे; लाखेबरोबर तोही निघायचा. हळूहळू कवच मऊ करायचं आणि थोडं थोडं उचलायचं. शिवाय सगळी लाख काढण्याचा हट्ट धरायचा नाही. रंगाला लागून जो थर आहे तो राहू द्यायचा, कारण कित्येक ठिकाणी रंग आता त्याच्याच आधारानं उभा आहे.

त्या काळपट भिंतीतून चेहरे बाहेर आले. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं, त्यांची मुंडाशी, त्यांचे दागिने. हे पाहिलं की आनंद होतो आणि मोहही होतो. वाटतं, सगळ्याच भिंती अशा उघडाव्यात. नेमका इथेच थांबण्याचा प्रश्न येतो. स्पष्ट दिसावं म्हणून लावलेलं वार्निश आपण पाहिलं. स्पष्ट दिसावं म्हणून केलेली सफाई त्याच वाटेनं जाऊ शकते.

मग कोणावर विसंबायचं? आमच्या मते, नोंदींवर. गोलुब्यूंनी १९११ मध्ये घेतलेली छायाचित्रं, ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सय्यद अहमद आदींकडून करून घेतलेल्या नकला, याझदानींनी १९३० ते १९५५ दरम्यान चार भागांत छापलेली चित्रं, हे सगळं एकमेकांशेजारी ठेवलं की कोणता तुकडा कधी गेला ते सांगता येतं. आगीतून वाचलेल्या गिल-ग्रिफिथ्सच्या दीडशेहून अधिक नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि आता त्यांच्यावरच जतनाचं काम करावं लागलं. नकलेची काळजी घ्यावी लागते, कारण मूळ भिंतीवर आता जे उरलेलं नाही, ते काही ठिकाणी फक्त नकलेत उरलं आहे.

शेवटी आपल्या अंगणातली गोष्ट. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्यकर्म. गावोगावी जुन्या देवळाच्या दगडावर ऑइलपेंट चढतो, लाकडी खांबांना चकचकीत वार्निश लागतं, भित्तिचित्रं असलेल्या वाड्याला चुन्याचा हात बसतो. करणाऱ्यांच्या मनात श्रद्धाच असते. त्यांना नावं ठेवून काही साधत नाही. चेक्कोनींच्या मनातही श्रद्धाच होती. पण गावातल्या बैठकीत रंगाचा डबा उघडण्याआधी दोन प्रश्न विचारता येतात. हे उद्या काढता येईल का? आणि आजच्या स्थितीचे फोटो आपण काढून ठेवलेत का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर डबा झाकून ठेवावा आणि जाणकाराला बोलवावं.

आणि पुढच्या वेळी दहाव्या लेण्यात गेलात, तर फ्लॅश बंद ठेवा आणि भिंतीला हात लावू नका. आपला श्वाससुद्धा त्या मातीला ओल देतो, म्हणून आत गर्दी करू नका. त्या तपकिरी भिंतीसमोर मात्र थोडं थांबा. तिच्यात चित्रकार आहेत, किडे आणि वटवाघळं आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वी हातात लाखेचा कुंचला घेऊन उभा असलेला एक काळजी करणारा माणूसही आहे. त्याची चूक आपण करू नये, एवढंच आपल्या हातात आहे.

आता प्रश्न घेऊ.